तळघर, तळमजला आणि ओल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मुंबईत घराखाली स्वतःचं तळघर असणारे थोडेच. पण सोसायटीचं बेसमेंट पार्किंग, पंपरूम, जमिनीखालची टाकी आणि रस्ता उंच होत गेल्यामुळे खड्ड्यात गेलेला तळमजला, या सगळ्यांची दुखणी तळघराचीच आहेत. या वेळचे प्रश्न तिथलेच.

प्रश्न: आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये एका भिंतीच्या पायथ्याशी पाणी येतं. भिंतीपलीकडे जमिनीखालची टाकी आहे, तिच्या शेजारून पालिकेची लाइन येते आणि वर बाग आहे. काँट्रॅक्टर म्हणतो, सगळ्या भिंतींना आतून केमिकल कोटिंग मारा. मारावं का?
(सोसायटीचे कार्यकारिणी सदस्य, मुलुंड)

उत्तर: आत्ता नको. संशयित तीन आहेत आणि कोटिंग त्यातल्या एकालाही पकडत नाही. पाणी पुढची कच्ची जागा शोधतं, आणि सहा महिन्यांनी तोच काँट्रॅक्टर शेजारच्या भिंतीचं कोटेशन घेऊन येतो.

आधी पंधरा दिवस नोंद ठेवा. ओलीच्या कडेला खडूने रेघ मारायची आणि तिच्याशेजारी तारीख, वेळ लिहायची. सकाळी, दुपारी, रात्री. वॉचमन हे काम सहज करतो. पालिकेचं पाणी सुटतं त्या तासांत ओल पसरली आणि पाणी गेल्यावर थांबली, तर दोष येणाऱ्या लाइनचा. टाकी भरलेली असताना जास्त आणि पातळी उतरल्यावर कमी, तर टाकी. पावसानंतर काही तासांनी सुरू होऊन उघडीप पडल्यावर दोन-तीन दिवसांत आटली, तर वरची बाग. तुमची इमारत खाडीच्या बाजूला असेल तर चौथी शक्यताही धरा. ओल वाढण्याची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकत असेल तर ते भरतीचं पाणी आहे, कारण भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे जाते.

मग टाकीची चाचणी. रात्री शेवटचं पंपिंग झालं की इनलेटचा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद करा, टाकीत स्टीलची पट्टी उभी धरून पातळी मोजा आणि सकाळी पंप सुरू होण्याआधी पुन्हा मोजा. 3 मीटर बाय 4 मीटरच्या टाकीत पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे 120 लिटर पाणी गेलं. इथे एक फसगत होते. बंद केलेला इनलेट व्हॉल्व्ह ‘पास’ होत असेल तर येणारी धार गळती भरून काढते आणि टाकी निर्दोष ठरते. म्हणून पाणी सुटलेलं असताना इनलेटच्या तोंडाखाली हात धरून ते कोरडं असल्याची खात्री करा. टाकीला पिण्याचं आणि फायरचं असे दोन कप्पे असतील तर दोन्ही वेगळे मोजा.

झिरपलेलं पाणी बाटलीत धरून त्यात क्लोरीन तपासायच्या किटमधले थेंब टाका. पिवळं झालं तर पाणी पालिकेचं, म्हणजे लाइन किंवा टाकी. पिवळं झालं नाही म्हणून मात्र दोघांना सोडून देऊ नका, कारण मातीतून येताना क्लोरीन नाहीसा होतो.

टाकी गळत असेल तर काम आतून आणि कोरड्या दिवसांतच: जानेवारी ते मे. भर पावसात टाकी रिकामी केली तर बाहेरच्या ओल्या जमिनीचं पाणी आत शिरतं, शिवाय खालून दाब येतो तो वेगळाच. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात माल भरून गोल वाटा मारून घ्या आणि मगच पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा. वाटा वगळला की काटकोनातच पहिली भेग जाते. गळणाऱ्या टाकीत पातळी उतरल्यावर बाहेरचं पाणी उलट आतही येऊ शकतं, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्या.

टाकी आणि लाइन दोन्ही निर्दोष निघाल्या तर भिंत आणि जमिनीचा सांधा बघा. काँक्रीट दोन वेगवेगळ्या दिवशी ओतलेलं असतं आणि पाणी त्या जोडातून येतं. तिथे पीयू इंजेक्शन करावं, म्हणजे पाण्याशी भेटून फुगणारा पॉलियुरेथेन फोम दाबाने भरावा. भिंत 20 सेंटिमीटर जाडीची असेल तर सांध्यापासून 10 सेंटिमीटर वर, 45 अंशांत खाली तिरकं भोक घ्यायचं, म्हणजे ते बरोबर भिंतीच्या पोटात सांध्याला भेटतं. दर 20 ते 30 सेंटिमीटरला एक पॅकर, म्हणजे माल आत सोडायची भोकात बसवलेली नळी. एका टोकापासून सुरू करून शेजारच्या पॅकरमधून माल बाहेर दिसेपर्यंत दाब द्यायचा, मग पुढचा. भोक सरळ आडवं मारलं तर सांधा चुकतो आणि फोम नुसता काँक्रीटमध्ये बसतो. काम चालू असताना एक-दोन भोकं स्वतः बघून घ्या.

धार लागलेली असेल तर आधी ती थांबवावी लागते. झटपट बसणारं प्लगिंग सिमेंट दोन-तीन मिनिटांत धरतं, त्यामुळे एका वेळी मुठीत मावेल तेवढंच भिजवा. छिद्र तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असं कोरून, साधारण 25 मिलिमीटर खोल. गोळा हातात कोमट लागू लागला की दाबून बसवायचा आणि तळव्याने तसाच धरून ठेवायचा. लवकर हात काढला तर पाणी गोळा बाहेर फेकतं. हातमोजे घाला, सिमेंटने कातडी सोलवटते.

खर्चाचं म्हणाल तर टाकी, ड्रेनेजच्या लाइनी आणि बाहेरच्या भिंती नमुना उपविधींनुसार सोसायटीच्याच खात्यावर येतात. हे सभेत आधीच मांडा.

प्रश्न: जूनमध्ये आमच्या बेसमेंटमधल्या ऑफिसची फरशी घाम आल्यासारखी ओली होते. खालून पाणी येतंय का?
(अंधेरी)

उत्तर: बहुधा नाही. फरशीवर दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक पसरून चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा आणि दिवसभर ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या वर आले तर ती हवेतली बाष्प आहे, खाली आले तर जमिनीतून. हवेतली असेल तर पावसाळी दुपारी खिडक्या उघडल्याने ओल वाढते. खिडक्या लावून घ्या आणि एसी ड्राय मोडवर ठेवा.

प्रश्न: गिरगावात चाळीत तळमजल्यावर राहतो. मागची भिंत ओलसर होती म्हणून दोन वर्षांपूर्वी चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या. आता टाइल्सच्या वर पोपडे निघतात आणि पांढरी पूड गळते.

उत्तर: विटांची भिंत जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीसारखी वर ओढते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. ते पृष्ठभागावरून उडून जातं म्हणून तिथे थांबतं. टाइल्सनी उडायची वाट बंद झाली, पाणी आणखी वर चढलं. पांढरी पूड म्हणजे लोणा. पाण्यासोबत आलेले क्षार. ते हवेतलीही ओल शोषतात, म्हणून गळती थांबल्यावरसुद्धा दर जुलैला डाग परत दिसतात आणि रंगाऱ्याला उगाच शिव्या बसतात.

भिंतीला हात लावण्याआधी मागची घरगल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली अरुंद गल्ली, बघा. तिथे गाळ आणि राडारोडा साठून पातळी तुमच्या फरशीच्या वर गेलेली असेल तर पाणी खालून नव्हे, बाजूने शिरतंय. गल्ली साफ करून तिची जमीन घरातल्या फरशीच्या किमान 15 सेंटिमीटर खाली आणा आणि उतार भिंतीपासून दूर काढा. गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप भिंतीपाशी फुटलेला नाही ना, तेही बघा. बऱ्याच घरांत काम इथेच संपतं.

एवढं करूनही ओल राहिली तर टाइल्स काढा आणि ओलीच्या रेघेच्या 30 सेंटिमीटर वरपर्यंत गिलावा उतरवा. दर्जे, म्हणजे विटांमधले सांधे, दीड-दोन सेंटिमीटर खरवडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग फरशीपासून साधारण 15 सेंटिमीटर वर, आडव्या दर्जात, दर 10 ते 12 सेंटिमीटरला 12 मिलिमीटरचं भोक घेऊन त्यात सिलेन क्रीम, म्हणजे पाणी वर चढू न देणारं रसायन, भरतात. भोक भिंतीच्या पलीकडच्या तोंडाच्या तीन-चार सेंटिमीटर आधी थांबलं पाहिजे. पुढचा गिलावा चुन्याचा किंवा हलक्या मालाचा. जिप्सम आणि पीओपी तळमजल्याच्या खालच्या मीटरभर भागात कधीच नको, ती ओल पितात. तुमची भिंत भार पेलणारी असणार. तेव्हा भोकं घेण्याआधी घरमालकाची आणि इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सेस भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या इंजिनिअरची परवानगी घ्या.

प्रश्न: हिंदमाताजवळ तळमजल्यावर राहतो. रस्त्यावर पाणी भरलं की आमच्या नहाणीतून उलटं वर येतं. दारात वाळूच्या गोण्या रचून उपयोग होत नाही.

उत्तर: होणारच नाही, पाणी दारातून येतच नाही. रस्त्याची गटारं भरली की तुमच्या चेंबरमधून पाणी मागे सरकतं. मोठ्या भरतीच्या वेळी गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात, तेव्हा तर हे ठरलेलंच. तुमच्या घरातून बाहेरच्या चेंबरकडे जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, झाकण उघडून साफ करता येईल असा. झडपेत केस किंवा सुपारीचं खांड अडकलं तरी ती अर्धी उघडी राहते, म्हणून मे अखेरीस साफसफाई. व्हॉल्व्ह बंद झालेला असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, हे लक्षात ठेवून त्या तासांत मोरी वापरू नका. पाइपाच्या मापाचा फुगवायचा रबरी प्लगही घरात असू द्या. पालिका साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी पावसाळ्याआधी जाहीर करते. ती फ्रिजवर लावा.

प्रश्न: बेसमेंटच्या रॅम्पवरून पाणी आत येतं. एक एचपीचा पंप पुरेल का?
(सोसायटी सेक्रेटरी, चेंबूर)

उत्तर: हिशेब करा. रॅम्प 4 मीटर रुंद, 15 मीटर लांब, म्हणजे 60 चौरस मीटर. तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 6,000 लिटर, मिनिटाला 100 लिटर. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. तुम्हाला 5 मीटर चढवायचं असेल तर दुकानदाराकडून 5 मीटर हेडचा आकडा मागून घ्या. रॅम्पच्या पायथ्याशी आडवी जाळीची पन्हळ, तिचं पाणी घनमीटरभर संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात. एवढा संप वरच्या हिशेबाने दहा मिनिटांत भरतो, म्हणून फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच) चालणारे दोन पंप हवेत, एक चालू, एक राखीव, आणि दोन्ही गाळ ओढणारे मड पंप. आउटलेटचा पाइप रस्त्यावर पाणी चढतं त्या पातळीच्या वर नेऊन मग खाली सोडा, नाहीतर वीज गेली की तेच पाणी परत येतं.

पण हे फक्त रॅम्पवर पडणाऱ्या पावसापुरतं. रस्त्यावरचं तळं आत वळलं तर कोणताही पंप हरतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, अशा दिवशी पंप नव्हे, रॅम्पच्या तोंडाशी 20 ते 30 सेंटिमीटरचा सावकाश चढणारा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना फळ्या सरकवायच्या खाचा कामी येतात. मीटर आणि पंपाचं पॅनल बेसमेंटमध्ये असेल तर या उन्हाळ्यात ते वर हलवा. बाकी सगळं त्यानंतर.

प्रश्न: पाणी शिरून गेलंच तर आधी काय करायचं?

उत्तर: मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद होत नसेल तर पाण्यात उतरू नका, वीज कंपनीला फोन करा. डिझेल पंप किंवा जनरेटर बेसमेंटच्या आत चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, वासही येत नाही. बाहेर अजून पाणी उभं असेल तर आतलं झपाट्याने उपसू नका, भिंतींवर एका बाजूचाच दाब येतो. त्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोच्या (घाणेरड्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार) प्रतिबंधक गोळ्यांसाठी 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. फरशी ब्लीचने पुसाल तर त्यात बाथरूमचं ॲसिड मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

गादी, प्लायवूडचं फर्निचर आणि कोरुगेटेड खोकी दोन दिवसांत बुरशी धरतात, ती आधी बाहेर काढा. फुगलेला गिलावा काढून वीट उघडी ठेवा. नऊ इंची भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते, म्हणजे जुलैत भिजलेली भिंत दिवाळीच्या रंगाला तयार नसते. सणाला पाहुणे येणार असतील तर तेवढ्यापुरता साधा चुना मारा, त्यातून ओल उडत राहते. ऑइलपेंट आणि पुट्टी पुढच्या उन्हाळ्यात.