गजकर्णाच्या बुरशीवर औषध तपासताना
पोरी, खानापूरकडची भातलावणी करून गजकर्ण घेऊन येणारी माणसं बहुतेकदा मेडिकलमधलं स्टेरॉइडचं मलम लावूनच आलेली असतात. तपासणीसाठी त्वचेची खरवड घेण्याआधी तेवढं विचार.

बुरशी वाढली की तिच्या बीजाणूंचं द्रावण जपून मोज: छोट्या खान्यांच्या प्लेटमध्ये मिलीलिटरला १,००० ते ३,००० बीजाणू, त्यावर नको. जास्त पडले तर चांगलं औषधही निकामी दिसतं, आणि त्या आकड्यावर कुणाची तरी गोळी बदलते गं! टर्बिनाफाइन हे बुरशीचं औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळव. ३५ अंशांवर ४ दिवस ठेव. औषध नसलेल्या खान्याच्या तुलनेत वाढ ८० टक्के थांबते, ती औषधाची सर्वांत कमी पातळी वाच. इट्राकोनॅझोल हे दुसरं औषधही सोबत लावच, कारण ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही गजकर्णाची बुरशी टर्बिनाफाइनला अनेकदा दाद देत नाही. कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा नमुना, बिघडला तर रिपोर्ट अडवून ठेव, डॉक्टर कितीही घाई करोत.