कोकोच्या नव्या बागेतलं तण फवारून जमीन एकदम साफ करावी का?

तुमची लागवड नवी आहे, ओळींमध्ये तण माजलंय आणि एकदाच तणनाशक मारून मोकळं व्हावं असं वाटतंय. माझं स्पष्ट मत: तसं करू नका. प्रत्येक रोपाचं आळं मात्र स्वच्छ ठेवा. बाकी जागेत आधी काय उगवलंय ते नीट बघा.

कोकोत कुठलं तण येणार हे मुख्यतः ऊन ठरवतं. 3 बाय 3 मीटरवर हेक्टरी साधारण 1,111 झाडं बसतात, आणि पहिली तीन-चार वर्षं मधल्या जमिनीवर थेट ऊन पडतं. तेव्हा गिनी गवत, रानमोडी, ओसाडी, मिकानियाचा वेल जोरात येतात. फांद्या एकमेकींना भिडल्या की गवतं मागे हटतात. सावली सोसणारी रुंद पानांची तणं, नेचे आणि रानझाडांची रोपं उरतात. त्यावर कोकोच्या पानगळीचा जाड थर बसतो, त्यातून नवं तण फारसं डोकं वर काढत नाही. म्हणूनच जुन्या बागेत मध्येच गवताचा पट्टा दिसला की मी आधी वर बघतो. बहुधा तिथलं झाड मेलेलं असतं. ती रिकामी जागा, म्हणजे नांगी, नवं रोप लावून भरली नाही तर कितीही खुरपा, गवत परत येतंच.

काढायचंच तर आधी वेल काढा, तो रोपाला गुदमरवतो. मग गवतं, कारण कोकोची अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात आणि गवताची मुळंही तिथेच पसरतात. याच कारणासाठी खोल कुदळणी नको. रानमोडी फुलावर येण्याआधी कापून आच्छादनाला वापरा. बुटकी, रुंद पानांची तणं घोट्याएवढी ठेवून नुसती छाटली तरी चालतं. पावसात माती धरून ठेवतात. जमीन उघडी करण्याचा आणखी एक तोटा फारसा कुणी मोजत नाही. कोकोच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्या बारीक माश्या ओल्या, कुजत्या पालापाचोळ्यात वाढतात.

ग्लायफोसेट या तणनाशकाचा फवारा कोवळ्या कोकोच्या पानांवर उडाला तर रोपाला इजा होते. शिवाय तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की केना या तणासारखी, त्याला दाद न देणारी तणंच शिल्लक राहतात आणि पसरतात.

एक कळकळीची विनंती. कोयता चालवण्याआधी एक फेरी मारा आणि तणात आपोआप उगवलेल्या चांगल्या झाडांच्या रोपांशेजारी काठ्या रोवा. पश्चिम आफ्रिकेत कितीतरी शेतकरी कोकोवरची सावली अशीच राखलेल्या रोपांतून उभी करतात. तोवरच्या सावलीसाठी मधल्या जागेत केळी लावा, ती लवकर वाढते.