छपाई-पॅकिंगचं युनिट अत्यावश्यक सेवेत बसतं का?

ताईंनी विचारलंय की साथ पसरली म्हणून सरकारने सगळं बंद करायला सांगितलं तर नेमके कुठले व्यवसाय चालू ठेवता येतात, त्यांचं लेबलं आणि खोके छापायचं छोटं युनिट आहे आणि आदेशाच्या यादीत छपाई हा शब्दच कुठे नाही, मग शटर पाडायचं का. "यादीत नाव नाही ना, मग बंद" असं त्यांना दोघातिघांनी सांगितलंय म्हणे. घाई करू नका एवढंच आधी सांगतो. २०२० च्या कोरोनाच्या बंदमध्ये मी पॅकेजिंगच्याच कारखान्यात डिस्पॅच बघत होतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

दवाखाने, औषधं, किराणा, दूध, पाणी, वीज, इंधन, बँक, फोन-इंटरनेट, सफाई, अग्निशमन, यावर कुठल्याच देशात फार वाद होत नाही, ते सोडून देऊ. खरी डोकेदुखी या मंडळींना माल नाहीतर सेवा पुरवणाऱ्यांची. खोकल्याच्या औषधाची एखादी बाटली घरात असेल तर हातात घेऊन बघा. बाटली, झाकण, झाकणाच्या आतली ती पातळ चकती, लेबल, लेबलाचा गोंद, आत घडी करून घातलेला बारीक अक्षराचा कागद, वरचा खोका, असे डझनावारी खोके भरायचा कोरुगेटेड बॉक्स, त्यावरची टेप. औषध टाकीत तयार असलं तरी बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेलं लेबल नसेल तर ती बाटली कंपनीच्या गेटबाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे औषधाची कंपनी चालू आणि लेबलवाला बंद, याला काही अर्थ नाही. पण यादी करणारा माणूस टेबलावर बसून एका रात्रीत यादी करतो, त्याला तेव्हा औषध दिसतं, गोंद दिसत नाही. त्याची चूक म्हणत नाही मी, आपल्यालाही दिसला नसता.

म्हणूनच पहिली यादी कधीच शेवटची नसते. भारतात गृह मंत्रालयाचा मूळ आदेश २४ मार्च २०२० चा, आणि पुढच्या काही दिवसांतच पुरवणी काढून अन्नपदार्थ, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांसाठी पॅकिंगचं सामान बनवणारी युनिट्स त्यात घालावी लागली. २१ एप्रिलला परत खुलासा आला, त्यात प्रीपेड मोबाईल रिचार्ज, शहरातल्या पिठाच्या गिरण्या, विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची दुकानं आणि चक्क विजेच्या पंख्यांची दुकानं! उन्हाळा तोंडावर आलेला, तेव्हा कुणाला तरी पंखा आठवला. उलटंही होतं बरं का. ऑनलाइन कंपन्यांना अत्यावश्यक नसलेल्या वस्तूही विकता येतील असं आधी कळलं आणि १९ एप्रिलला ते मागे घेतलं. तेव्हा गेल्या आठवड्यात कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या पीडीएफवर धंदा चालवू नका, त्या दिवशीचा आदेश बघा.

इटलीची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. त्यांनी २२ मार्च २०२० च्या आदेशाला उद्योगांच्या कोड नंबरची यादी जोडली आणि वर असंही म्हटलं की यादीतल्या उद्योगांना जे पुरवठा करतात त्यांनी प्रीफेक्टला, म्हणजे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याला, कुणाला काय पुरवतो ते कळवून काम चालू ठेवावं, त्याला पटलं नाही तर तो बंद करायला लावेल. अमेरिकेत केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, १९ मार्चला यादी दिली पण ती नुसता सल्ला होती, बंधनकारक नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचं वेगळं. पेनसिल्व्हेनियाने तर जीवनावश्यक नसलेले सगळे व्यवसाय बंद केले आणि कुणाला सूट हवी असेल तर अर्ज करा म्हटलं, अर्ज आले ४० हजारांच्या वर. आणि फ्लोरिडात एप्रिलमध्ये टीव्हीवरची कुस्तीसुद्धा अत्यावश्यक ठरली, त्यावर मी काही बोलत नाही.

दुकान उघडं ठेवायचं की वस्तू विकायची, हाही एक घोळ आहे. वेल्समध्ये ऑक्टोबर २०२० च्या १७ दिवसांच्या बंदमध्ये सुपरमार्केट उघडी होती पण अत्यावश्यक नसलेला माल विकायला मनाई, म्हणून कपड्यांच्या आणि खेळण्यांच्या रांगांना टेप लावून ठेवलेली. हेतू असा की बंद असलेल्या छोट्या दुकानदारावर अन्याय नको. पण मग कुठली वस्तू कुठल्या बाजूची हे गल्ल्यावरच्या पोराने ठरवायचं, आणि एका ठिकाणी तर सॅनिटरी पॅडसुद्धा विकता येत नाहीत असं दुकानाकडून चुकून सांगितलं गेलं, मोठा गदारोळ झाला.

आता तुमचं. आदेशात स्वतःच्या धंद्याचं नाव शोधू नका, तुमच्या गिऱ्हाइकांची नावं शोधा. 'यांना लागणारा कच्चा माल', 'पुरवठा साखळी', 'देखभाल', 'पॅकिंग' असे शब्द कुठे आहेत ते बघा, तुमची जागा बहुतेक तिथेच असते. मग त्या गिऱ्हाइकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या, की अमुक औषधासाठी ही लेबलं लागतात आणि दुसरीकडून लगेच मिळणार नाहीत. ते पत्र जोडून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि पोचपावती घ्यायचीच.

कागदावरचा शब्द किती महाग पडतो ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात आमची झाकणांची गाडी नाक्यावर अडवली, बिलावर नेहमीप्रमाणे 'प्लास्टिक आर्टिकल्स' लिहिलेलं. तिथला माणूस म्हणाला प्लास्टिक कसलं अत्यावश्यक, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. ड्रायव्हर सकाळपासून तिथेच, फोनची बॅटरी संपत आलेली. शेवटी आम्ही बिल नव्याने काढलं, 'औषधाच्या बाटलीची झाकणं' असं आणि खाली कंपनीचं नाव, त्याचा फोटो पाठवला, दहा मिनिटांत गाडी सुटली. तीच झाकणं, तीच गाडी. २९ मार्चला सगळ्याच मालाच्या वाहतुकीला परवानगी असल्याचं केंद्राने कळवलं, पण आमचा तो दिवस गेला तो गेलाच.

एक राहिलं. तुम्ही खेळण्यांचे खोकेही छापता असं लिहिलंय. ते याच मशीनवर, याच माणसांकडून होतं हे मान्य, पण औषधांच्या नावावर मिळालेल्या परवानगीत ते काम घुसवू नका, तपासणीला आले तर आधी जॉब कार्ड, म्हणजे मशीनवर कुणाचं कुठलं काम चालू आहे त्याची नोंद, बघतात आणि मग दोन्ही कामं जातात. लेबलाच्या ऑर्डरला जेवढी माणसं लागतात तेवढीच बोलवा, त्यांच्या नावाची यादी परवानगीला जोडा आणि खेळणीवाल्याला आजच फोन करून सांगा की खोके उशिरा मिळतील.