डोळ्याचं प्रेशर आपल्याच ओपीडीत मोजा

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या ठिकाणी एकट्यानं चालवलेल्या जनावरांच्या क्लिनिकला टोनोमीटर, म्हणजे डोळ्याचं प्रेशर मोजायचं यंत्र, परवडेल का, पुरेसा वापरला जाईल का आणि त्याची फी कशी लावायची. माझं स्पष्ट मत आहे की घ्याच. फक्त काचबिंदूचा (डोळ्याचं प्रेशर वाढून नजर जाण्याच्या आजाराचा) संशय आला तरच बाहेर काढायचं ठरवलंत, तर तो कपाटातच राहील. लाल डोळा घेऊन आलेल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराचं प्रेशर मोजायचं, दोन्ही डोळ्यांचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

कारण लाल डोळा बाहेरून सारखाच दिसतो. कॉकर स्पॅनिएलची एक मादी आमच्याकडे आली होती. डोळे आले असतील म्हणून घरच्यांनी आठवडाभर अँटिबायोटिकचे थेंब घातले होते. उजवा डोळा लाल, बुबुळावर किंचित निळसर झाक, बाहुली मोठी आणि टॉर्चला दाद न देणारी. प्रेशर उजवीकडे 52 मिलिमीटर पारा, डावीकडे 17. त्या डोळ्याची नजर परत आली नाही. अचानक एवढं प्रेशर चढलं की एक-दोन दिवसांतच नजर कायमची जाऊ शकते. त्यामुळे ‘दोन दिवस थेंब घाला, मग बघू’ हे न मोजता सांगणं धोक्याचं आहे.

कमी आकडाही तितकाच बोलका असतो. साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा हे कुत्र्या-मांजरात नॉर्मल धरतो. लाल, दुखऱ्या डोळ्यात 6-7 आलं तर युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) शोधा, आणि आपल्याकडे गोचिडतापाची तपासणी, प्लेटलेट काउंट लगेच करा. एर्लिकिया, म्हणजे गोचिडतापाचा जंतू, डोळ्यातून पहिल्यांदा दिसल्याच्या केसेस तुम्हीही पाहिल्या असतील. युव्हायटिस उघड दिसतोय आणि तरी प्रेशर 22 आहे, तर निश्चिंत होऊ नका. तिथं ते खाली असायला हवं होतं. डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा अडू लागला असेल, एक-दोन दिवसांत परत मोजा. दोन डोळ्यांत 8 च्या वर फरक असला तरी तेच.

यंत्राचं म्हणाल तर टोनोव्हेटसारखं रिबाउंड यंत्र सगळ्यात सोयीचं. भूल देणारे थेंब लागत नाहीत, प्रोब बुबुळाला हलकेच टेकून परत येतो, जनावराला फारसं कळतही नाही. पण किंमत लाखांच्या घरात जाते, प्रोबचा खर्च वेगळा. टोनोपेनला भुलीचा थेंब लागतो, मात्र डोकं कसंही असलं तरी चालतं. एवढं बजेट नसेल तर शिओट्झ काही हजारांत मिळतो. त्यात कुत्र्याचं नाक छताकडे करून बुबुळ आडवं आणावं लागतं, भुलीचा थेंब घालावा लागतो आणि तक्ता वाचावा लागतो: काटा जितका कमी सरकेल तितकं प्रेशर जास्त. कटकट आहे, पण बोटानं दाबून अंदाज घेण्यापेक्षा शतपटीनं बरं.

आकडे चुकतात ते बहुतेक वेळा धरण्यामुळे. अटेंडंट सवयीनं मान आवळतो आणि प्रेशर खोटं चढतं. पट्टा काढा, हनुवटीखालून धरायला सांगा. पापणी उघडताना बोटं हाडाच्या कडेवर टेकवा, डोळ्यावर नाही. पग आणि शित्झूत इथंच घोळ होतो. कुत्रं धापा टाकत असेल तर थोडं थांबा. क्रमही ठरलेला ठेवा: आधी शिर्मर (अश्रू मोजायची पट्टी), मग प्रेशर, मग फ्लुरोसीन (बुबुळावरची जखम दाखवणारा रंग). बाहुली मोठी करणारे थेंब प्रेशर मोजल्यावरच, आणि प्रेशर चढलेलं असेल तर नाहीच. हात बसेपर्यंत लसीकरणाला आलेल्या शांत कुत्र्यांवर सराव करा. बीगल, कॉकर, हस्की असतील तर तो आकडा फाइलमध्ये लिहून ठेवा, पुढे तुलनेला कामी येतो.

फीबद्दल: लाल डोळ्याच्या तपासणीची एकच फी ठेवा, त्यात शिर्मर, प्रेशर, फ्लुरोसीन सगळं आलं. वेगळी लावली की मालक ‘ते राहू द्या’ म्हणतो आणि नेमका गरजेचा आकडा हुकतो. फेरतपासणीला फक्त प्रेशरची माफक फी घ्या.

आकडा 40-50 आला तर रेफर करण्याआधी उपचार सुरू करा. कुत्र्यात भिंग पुढं सरकलेलं नाही आणि युव्हायटिस नाही हे पाहूनच लॅटॅनोप्रोस्ट घाला, सोबत डोर्झोलामाइड; दोन्ही प्रेशर उतरवणारे थेंब. तासाभरात परत मोजा. मांजरात लॅटॅनोप्रोस्टवर विसंबू नका. आणि काचबिंदू प्रायमरी (डोळ्याच्या दुसऱ्या आजारामुळे न झालेला) वाटत असेल तर चांगल्या डोळ्यालाही त्याच दिवशी थेंब सुरू करा. न केल्यास तो डोळाही साधारण 8 महिन्यांत जातो, केल्यास अडीच वर्षांच्या आसपास टिकतो. मालक आंधळ्या डोळ्यावर खर्च करायला कचरतो, पण दुसऱ्या डोळ्याचं हे गणित समजावून सांगितलं की बहुतेक जण तयार होतात.