अमेरिकेत कुठल्याही गटात न शिरता राहता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुढच्या वर्षी एच-१बी व्हिसावर नवरा-बायको आणि सहावीतली मुलगी असं न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास यायचं चाललंय. काही बाबतीत तुमचं डेमोक्रॅटांशी पटतं, काही बाबतीत रिपब्लिकनांशी. तर एक बाजू धरल्याशिवाय तिथे निभाव लागेल का, आणि ऑफिसात, शाळेत, मराठी मंडळात तोंड कुठे उघडायचं?

निभाव लागतो. तसे राहणारे लोक बातम्या बघून वाटतात त्याहून पुष्कळ जास्त आहेत. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत स्वतःला स्वतंत्र म्हणवणारे गेली काही वर्षं ४० टक्क्यांच्या वर आहेत. २०२४ मध्ये हा आकडा ४३ होता. त्यातले बरेचसे मनातून एका पक्षाकडे झुकलेले असतात हे खरं, पण झुकलेला माणूस प्रत्येक मुद्द्यावर पक्षाची री ओढतोच असं नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने बायडन यांना ६३ टक्के मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर, सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंश विचारात घ्यायला परत परवानगी देणारं प्रपोझिशन १६ सुमारे ५७ टक्क्यांनी फेटाळलं. त्याच दिवशी फ्लोरिडात ट्रम्प जिंकले आणि किमान वेतन १५ डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव ६० टक्क्यांवर मतांनी मंजूर झाला. २०२४ मध्ये मिझुरीत ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मतं पडली आणि गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्तीही पास झाली. ही सगळी मतं टाकणारे लोक तुमच्या शेजारी राहणार आहेत. टीव्हीवर ते दिसत नाहीत, एवढंच.

तुमच्या थेट उपयोगाचं एक उदाहरण जरा तपशिलात बघा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला त्यातली ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, म्हणून भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. ही देशवार मर्यादा काढणारं एचआर १०४४ हे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ असं पास झालं. ते मांडणाऱ्या झोई लॉफग्रेन डेमोक्रॅट. सिनेटमधल्या जुळ्या विधेयकामागे युटाचे रिपब्लिकन माइक ली आणि कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट कमला हॅरिस. अडवणारेही दोन्हीकडचे: रिपब्लिकन रँड पॉल यांना परदेशातून येणाऱ्या नर्सेसची काळजी होती, तर डेमोक्रॅट डिक डर्बिन यांचं म्हणणं होतं की एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली तर इतर देशांचे लोक मागे पडतील. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने बदल करून ते मंजूर केलं, पण दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळले नाहीत आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मुदत संपली. आता सांगा, ‘आपल्या लोकांच्या बाजूचा पक्ष’ यातला कुठला? एच-१बीवर टीका डावे सिनेटर बर्नी सँडर्सही करतात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क ट्रम्प यांनी लावलं.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन्ही बाजूंची बेरीज करून दोनाने भागलं की स्वतंत्र मत तयार होत नाही. बंदुकांवर तुमचं मत ठाम डावं आणि सरकारी खर्चावर ठाम उजवं असू शकतं, आणि ते तसंच ठेवावं. प्रत्येक बाबतीत तळ्यात-मळ्यात करणाऱ्याला इथे कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता व्यवहाराचं. यातलं काही विमानात बसण्याआधीच लागू होतं.

डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (जोडीदार-मुलांचा व्हिसा) अर्जदारांनाही ही खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलंय. विद्यार्थ्यांना हे त्या आधीपासून होतं. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी नवरा-बायको दोघांनीही आपल्या खात्यांची यादी करा, जुनी विसरलेली धरून. एखादं खातं लपवणं हे त्यावरच्या कुठल्याही मतापेक्षा जास्त महागात पडतं, कारण अर्ज खरा असल्याची सही तुम्ही करता. घाईघाईने सगळं पुसून टाकू नका. मात्र दुसऱ्याची भडक पोस्ट न वाचता पुढे ढकलायची सवय आजच सोडा. तुमच्या नावाखाली दिसतं ते तुमचंच म्हणून वाचलं जातं.

आल्यावर पहिला धोक्याचा कागद येतो तो ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत तिथेच मतदार नोंदणीचं विचारतात, आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत ती प्रक्रिया जवळजवळ आपोआप चालते. व्हिसावर असा किंवा ग्रीन कार्डवर, तुम्ही नागरिक नाही, त्यामुळे नोंदणी नाकारायची. पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न वाचून मगच सही करायची, काउंटरवरचा माणूस कितीही घाई करो. नागरिक नसताना केंद्रीय निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे, आणि ‘मी नागरिक आहे’ असं खोटं निवेदन पुढची सगळी वाट बंद करू शकतं. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का, मत दिलंत का’ हे सरळ विचारतात. चुकून मतदार कार्ड घरी आलंच तर मत देऊ नका, काउंटीच्या (जिल्ह्यासारखा भाग) निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्या पत्राची प्रत जपून ठेवा आणि एन-४०० भरण्याआधी वकिलाला दाखवा.

पैशांचंही तसंच. व्हिसावरच्या माणसाला कुठल्याही उमेदवाराला देणगी देता येत नाही, केंद्रात नाही, राज्यात नाही, गावातही नाही. ग्रीन कार्डवर देता येते. इथे लोक फसतात ते असे: उमेदवाराच्या अधिकृत दुकानातली टोपी किंवा टी-शर्ट विकत घेणं हीसुद्धा देणगीच धरली जाते, आणि निधीसाठी ठेवलेल्या जेवणाचं तिकीटही. मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम केलेलं चालतं. पुढे देता येईल तेव्हा हेही लक्षात ठेवा की केंद्रीय उमेदवाराला एकूण २०० डॉलरच्या वर दिले की नाव, गाव, व्यवसाय आणि कंपनीचं नाव निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जातं. ॲक्टब्लू (डेमोक्रॅटांचं) किंवा विनरेड (रिपब्लिकनांचं) या ऑनलाइन देणगीच्या संकेतस्थळांमार्फत दिलेत तर पाच डॉलरसुद्धा तिथे नोंदले जातात. कोणीही शोधू शकतं, तुमचा मॅनेजरही.

ऑफिसाबद्दल एक गैरसमज घेऊन येऊ नका. भाषणस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी कंपनीचे नाही. मोंटाना सोडून सगळीकडे कंपनी बिनकारण काढू शकते. कॅलिफोर्नियात राजकीय कामावरून कर्मचाऱ्याला धमकावण्यावर बंदी आहे, न्यूयॉर्कमध्ये कामाच्या वेळेबाहेर केलेल्या प्रचाराला संरक्षण आहे, पण इतर बऱ्याच राज्यांत असं काही नाही. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. त्यामुळे कंपनीच्या स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, राजकारण शून्य, दोन्ही बाजूंचं. जेवणाच्या टेबलावर कोणी गळ घातलीच तर ‘आय सी बोथ साइड्स’ म्हणू नका. ते दोघांनाही पळवाट वाटतं आणि दोघंही तुम्हाला समोरच्या गटात टाकतात. त्याऐवजी विषय जवळ आणा. न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स हा त्यासाठी उत्तम विषय. राज्य-स्थानिक करांच्या वजावटीवर २०१७ च्या कायद्याने १०,००० डॉलरची मर्यादा आली, ती वाढवून घ्यायला न्यू जर्सी-न्यूयॉर्कचे रिपब्लिकन आपल्याच पक्षाशी भांडले आणि २०२५ मध्ये ती ४०,००० झाली. अशा गप्पांत पक्षाचा रंग मागे पडतो आणि माणूस आपला हिशोब सांगायला लागतो.

शाळेत मात्र गप्प बसू नका. न्यू जर्सीत स्कूल बोर्डाच्या निवडणुका पक्षचिन्हाशिवाय होतात, सभा खुल्या असतात आणि लोकांना बोलायला वेळ राखून ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. नाव आणि गाव सांगायचं, साधारण तीन मिनिटं मिळतात. आधी संकेतस्थळावरून विषयपत्रिका उतरवून घ्या, मुद्द्याचा क्रमांक सांगून बोला, एकच मागणी करा. तीन मिनिटांत पाच मुद्दे कोंबणाऱ्याचा एकही नोंदला जात नाही. लायब्ररीतली पुस्तकं, गणिताचे वरचे वर्ग, बजेट, यावर इथे खरे निर्णय होतात. आणि मुलीला सांगून ठेवा: सकाळच्या ध्वजप्रतिज्ञेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच ठरवलंय. म्हणायची असेल तर खुशाल म्हणावी.

मराठी मंडळाचं वेगळं. बहुतेक मंडळं करमाफ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, म्हणून मंडळाच्या नावाने कुणा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. कार्यकारिणीत गेलात तर हा नियम पाठ हवा. खरी धग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते, आणि तिथे अमेरिकेच्या भांडणात भारताचं भांडण मिसळतं. जातिभेदबंदीचा वाद घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलने जातिभेदावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळ पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदबंदीचं एसबी ४०३ हे विधेयक पास केलं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ‘सध्याच्या कायद्यांत हे आधीच येतं’ असं सांगून ते परत पाठवलं. आंबेडकरी संघटना विधेयकाच्या बाजूने उभ्या होत्या, काही हिंदू संघटना विरोधात. कामाच्या जागी जातीवरून त्रास होतो हे मान्य करून वेगळा कायदा हवा की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. पण ज्यांना त्रास झाला त्यांच्या साक्षी वाचल्याशिवाय ‘अमेरिकेत जात कुठे आहे’ असं लिहिणाऱ्याला मी मध्यममार्गी म्हणणार नाही.

बातम्यांसाठी उजवं फॉक्स अर्धा तास आणि डावं एमएस नाऊ (आधीचं एमएसएनबीसी) अर्धा तास हा उपाय करू नका, दोन्हीकडचा संताप तेवढा हाती लागतो. एपी आणि रॉयटर्स या वृत्तसंस्था रोज, गावचं किंवा काउंटीचं वृत्तपत्र असेल तर पैसे भरून. वॉल स्ट्रीट जर्नलची बातम्यांची पानं आणि संपादकीय पान वेगवेगळे लोक चालवतात, ते एक समजू नका. एखाद्या विधेयकावरून घरात वाद झाला तर काँग्रेस डॉट गव्हवर मूळ मसुदा आणि कोणी कसं मत दिलं ते दोन्ही मिळतं; खर्चाचा अंदाज काँग्रेसच्या बजेट कार्यालयाचा वाचा.

नागरिकत्वाला वेळ आहे, पण तेव्हा नोंदणीच्या फॉर्मवर जी चूक हमखास होते ती आत्ताच सांगतो. कॅलिफोर्नियात ‘नो पार्टी प्रेफरन्स’ निवडायचं असतं, पण ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा एक कडवा उजवा पक्षही यादीत असतो आणि ‘इंडिपेंडंट’ शब्द बघून हजारो लोक त्यात नाव घालून बसलेत. टेक्सास, व्हर्जिनिया, जॉर्जियात पक्षाची नोंदच नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘अनएनरोल्ड’ (बिनपक्षाचे) राहून कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, मत देता येतं. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडात पक्षात नाव नसेल तर त्याच्या प्रायमरीत मत नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत. तुमच्या न्यू जर्सीत ‘अनएफिलिएटेड’ (बिनपक्षाच्या) मतदाराने प्रायमरीच्या दिवशी एका पक्षाची मतपत्रिका मागितली की तो त्या पक्षाचा म्हणून नोंदला जातो. परत मोकळं व्हायला वेगळा फॉर्म भरावा लागतो. माझा सल्ला: भरा तो फॉर्म, पण प्रायमरी सोडू नका. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले आहेत, खरी निवड जूनमध्येच होते आणि तेव्हा फार थोडे लोक येतात, म्हणून टोकाचे जिंकतात. तुम्ही कोणाला मत दिलं हे गुप्त राहतं. कुठल्या प्रायमरीत दिलं हे सार्वजनिक नोंदीत जातं.

नोव्हेंबरच्या आधी नमुना मतपत्रिका घरी येते. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरा आणि खालून वर वाचा: आधी मताला टाकलेले सार्वजनिक प्रश्न, मग स्कूल बोर्ड, मग गाव आणि काउंटी, सगळ्यात शेवटी गव्हर्नर किंवा राष्ट्राध्यक्ष. वरून सुरू केलं की पहिल्या नावाचा रंग खालपर्यंत उतरतो. मिशिगनसारख्या काही राज्यांत एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देता येतं, पण ती खूण न्यायाधीश, स्कूल बोर्ड आणि प्रस्तावांना लागू होत नाही आणि ते रकाने कोरे राहतात. खुणा केलेला नमुना बरोबर नेता येतो. एखाद्या जागेसाठी दोन्ही उमेदवार पटले नाहीत तर तेवढी जागा कोरी सोडा. बाकीची मतं मोजली जातात.