दिव्यांग कर्मचाऱ्याची बढती

प्रश्न : मी शासकीय कार्यालयात अनुकंपा तत्त्वावर लिपिक झालो. मला ४५ टक्के अस्थिव्यंग आहे. ‘तुम्ही दिव्यांग कोट्यातून आला नाहीत, म्हणून बढतीत आरक्षण नाही’ असे आस्थापना शाखा सांगते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि हे उत्तर देऊन कुणालाही परत पाठवणे चुकीचेच आहे. केरळमधील अशाच, अनुकंपा नियुक्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की नियुक्ती कोणत्या मार्गाने झाली यावर बढतीतील आरक्षण अवलंबून नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ४ टक्के आरक्षणामध्ये अस्थिव्यंगासाठी १ टक्का आहे; अट ४० टक्के दिव्यांगत्वाची.

बहुतेकदा घोडे अडते ते कागदावर. प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात नसते, मग ज्येष्ठता यादीत नावापुढे ‘दिव्यांग’ शेरा येत नाही आणि पदोन्नती समितीसमोर विषयच जात नाही. आधी ती नोंद करून घ्या. वरचे पद दिव्यांगांसाठी सुनिश्चित, म्हणजे त्यांना करता येण्याजोगे म्हणून ठरवलेले, आहे का, तेही पाहा. बिंदुनामावलीची, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणासाठी आहे याच्या नोंदवहीची, प्रत माहिती अधिकारात मागा. मग कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवा. चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. समाधान झाले नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.