बिहीला फूल का येत नाही? सांदवाडीतील (परसबागेतील) फळझाडांबाबत सल्ला

प्रश्न: नातेवाइकांनी काश्मीरहून आणलेली बिहीची दोन कलमं तीन वर्षांपूर्वी सांदवाडीत लावली. पालवी फुटते, पण एकही फूल नाही. कोणतं खत द्यावं? (एक शेतकरी ताई, ता. तिवसा, जि. अमरावती)

उत्तर: ताई, खत देऊच नका. युरिया टाकला तर नुसते कोवळे फुटवे वाढतील, फूल येणार नाही. उणीव थंडीची आहे.

बालाघाट-छत्तीसगडकडे पेरूलाच बिही म्हणतात. तुमची बिही वेगळी. ती सफरचंद-नाशपातीच्या कुळातली, जिच्या बियांना दुकानात बिहीदाणा म्हणतात. हिवाळ्यात पान गाळून हे झाड झोपतं आणि 7 अंशांखालचा गारवा काहीशे तास मिळाला, तरच फुलोऱ्यानिशी जागं होतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही रात्री कडाक्याच्या जातात, पण दुपारी ऊन तापतं आणि साठलेला गारवा बराचसा वाया जातो. वर मे महिन्यात पारा 45 च्या घरात. तुमच्या निगराणीत काही चुकलेलं नाही.

झाडं जीव लावून वाढवलीत, म्हणून उपटा असं म्हणणार नाही. उन्हाळ्यात पश्चिमेकडून सावली करा, बुडाशी तुरीच्या कुटाराचं आच्छादन द्या, पावसाळ्यात पाणी साचू देऊ नका. फळाची आशा मात्र धरू नका.

बिही कच्ची तुरट, कडक; शिजवून जेली करायची. ती जेली आपल्या जांबाचीही (पेरूचीही) उत्तम होते, कारण जेली घट्ट करणारं पेक्टिन त्यात भरपूर असतं. म्हणून नवीन जागेत सरदार, म्हणजेच लखनौ-49 ची दोन कलमं लावा. पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला हा वाण आहे. दोन-तीन पाऊस चांगले झाले की दोन-दोन फुटांचा खड्डा माती आणि कुजलेल्या शेणखताने भरून लावा. काळी माती पाणी धरते, तेव्हा बुंधा थोड्या उंचवट्यावर ठेवा. दोन झाडांत 20 फूट अंतर हवं. छाटणी नियमित करणार असाल तर 12 फुटांतही भागतं. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे दिसले की लगेच काढा, नाहीतर खुंटच (ज्यावर कलम बांधलेलं असतं ते खालचं झाड) वरच्या कलमाला दाबून टाकतो.

जांबाचं झाड तीन वर्षांचं झालं की एप्रिल-मेमध्ये पाणी तोडा आणि मृगाचा बहार (जूनच्या पावसात येणारा फुलोरा) धरा. पावसाळी फळांना फळमाशीच्या अळ्या फार लागतात. मृगाची फळं थंडीत येतात, त्यांना कीड कमी आणि गोडी जास्त. पडलेली किडकी फळं मात्र रोज वेचून खोल पुरत जा.